सासूबाईंच्या बारा डब्या

पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर माणूस दिवसभर करतो काय, असं कुणी विचारलं तर त्याचं खरं उत्तर जरा लाजिरवाणंच आहे. तो वस्तू शोधतो. तिथे हातातली वस्तू सोडली तर ती पडत नाही, निघून जाते. कात्री जाते, पेन जातं, पायमोजा जातो आणि दोन दिवसांनी हवा ओढून घेणाऱ्या जाळीला चिकटलेला सापडतो. सहा महिन्यांसाठी अंतराळ स्टेशनवर गेलेल्या एका वैमानिकाचा त्या दिवशी पाना हरवला होता. पाना नाही म्हणून पंप उघडता येत नव्हता, पंप उघडत नाही म्हणून संडास बंद होता आणि संडास बंद म्हणून स्टेशनवरची चारही माणसं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

हा लढाऊ विमानं उडवलेला गडी. ढगांतून विमान सरळ बाहेर काढताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो आता सकाळी सातपासून संडासाच्या पंपापुढे लोंबकळत होता आणि पंप त्याला दाद देत नव्हता. वर डोकं ठणकत होतं. बंद डब्यातली तीच ती हवा चार जणांनी दिवसभर आत-बाहेर केली की डोकं ठणकतं, त्याला इलाज नाही. पंख्यांची घरघर चोवीस तास. डोकं धरून गप्प बसावं म्हटलं तर बसायची सोय नाही, कारण तिथे बसणं हा प्रकारच नाही.

स्टेशनवर सगळे त्याला 'जावई' म्हणत, आणि उगीच म्हणत नव्हते. त्या महिन्यात तिथे एकवीस प्रयोग चालू होते. त्यांतला सगळ्यांत नाजूक, सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत जास्त सूचनांचा प्रयोग त्याच्या सख्ख्या सासूबाईंचा होता. कुणाच्या गळ्यात कुठला प्रयोग मारायचा हे ठरवणाऱ्या मंडळींना हे नातं ठाऊक नव्हतं म्हणे. जावयाचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

सासूबाई हाडांच्या पेशींवर काम करायच्या. अंगावरचा भार गेला की माणसाची हाडं झिजायला लागतात. अंतराळात ती महिन्यागणिक झिजतात, म्हणून तर तिथल्या लोकांना रोज दोन तास पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन धावावं लागतं. पण भार गेला हे त्या एवढ्याशा पेशीला कळतं कसं, हा सासूबाईंचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नामागे त्यांनी बारा वर्षं घालवली होती. पहिल्या वेळी त्यांचा प्रयोग घेऊन जाणारं रॉकेट समुद्रात पडलं. दुसऱ्या वेळी सगळं वरपर्यंत सुखरूप गेलं, पण कुणा महाभागाने व्हॅक्यूम क्लीनर लावायला म्हणून फ्रीझरचा प्लग काढला आणि परत लावलाच नाही. हे लक्षात यायला सहा दिवस गेले. त्या माणसाचा विषय सासूबाईंच्या घरात आजही कुणी काढत नाही. आता ही तिसरी वेळ, आणि शेवटची. पुढच्या महिन्याच्या अखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांची प्रयोगशाळा यीस्टवर काम करणाऱ्या एका तरण्याबांड माणसाला मिळणार होती. एवढं सगळं झाल्यावर तिसऱ्या वेळी प्रयोग आला तो कुणाच्या हातात, तर जावयाच्या.

पंधरा वर्षांपूर्वी लेकीने पसंत केलेला मुलगा विमानं उडवतो हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे उडाणटप्पूच की." नंतर मात्र त्यांनी कधी उणा शब्द काढला नाही. 'जावईबापू' म्हणत, पानात आग्रहाने वाढत, तब्येतीची चौकशी करत. पण त्यांच्या घरातला बल्ब गेला की जावईबापू समोर सोफ्यावर असताना त्या स्वतः स्टुलावर चढत. पंधरा वर्षांत त्यांनी त्याला साधा एक बल्ब बदलू दिला नव्हता. ही गोष्ट जावयाला लागली होती, आणि लागली होती हे कबूल करण्याइतकी ती मोठी नव्हती, म्हणून जास्तच लागली होती.

प्रयोग असा होता. काडेपेटीएवढ्या काचेच्या बारा डब्या, प्रत्येकीत हाडाच्या पेशी. सहा डब्या एका गरगर फिरणाऱ्या तबकात. फिरण्यामुळे त्यांना पृथ्वीवरच्याइतका भार मिळायचा. उरलेल्या सहा स्थिर तबकात, बिनभाराच्या. बाकी ऊब तीच, खाद्य तेच, कपाट तेच. बारा दिवसांनी सगळ्या फ्रीझरमध्ये घालायच्या आणि परत जाणाऱ्या कॅप्सूलमधून खाली पाठवायच्या. मग सासूबाई दोन्ही गटांतला फरक शोधणार. बघणाऱ्याच्या मनात आधीपासून काही बसू नये म्हणून डब्यांवर आकडा नको, खूण नको, असा त्यांचा आग्रह. फक्त बारीक पट्ट्यांचा एक छाप, तो स्कॅनरलाच वाचता यायचा. सूचना एकूण एकाहत्तर. चौतिसावी अशी: 'सिरिंजमधला बुडबुडा आपोआप वर येणार नाही. सिरिंज मुठीत धरून हात खांद्यापासून तीनदा गोल फिरवावा.' आणि 'घाई करू नये' हे ठळक अक्षरांत तीन ठिकाणी. ही तीन वाक्यं खास आपल्यासाठी घातलेली आहेत याबद्दल जावयाला शंका नव्हती.

त्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशी, डब्यांतलं खाद्य बदलायचं होतं. स्टेशनवर दिवसाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडलेले असतात आणि पडद्यावर एक लाल रेघ त्यांवरून सरकत असते. ती कुणासाठी थांबत नाही. पंपाच्या नादात जावई मागे पडला होता.

"स्टेशन, तुम्ही पस्तीस मिनिटं मागे आहात," खालून आवाज आला. खालच्या नियंत्रण कक्षातून वरच्यांशी एरवी बोलणारा हा एकच माणूस. सगळ्यांचे निरोप तोच पोचवायचा म्हणून वरच्यांनी त्याला 'निरोप्या' नाव ठेवलं होतं. त्याचा आवाज कधी चढत नसे, आणि याचाच जावयाला सगळ्यांत जास्त ताप व्हायचा.

"माहीत आहे."

"नुसतं कळवलं."

"कळलं ना. आता काम करू दे."

त्याने कपाटातून बारा डब्या काढल्या आणि हातमोजे लावलेल्या बंद पेटीत एकेकीतलं खाद्य बदललं. बुडबुडे काढायला बारा वेळा हात फिरवला, तोही तीन-तीनदा, अगदी इमानाने. डबी झाली की ती बाहेरच्या चिकटपट्टीवर लावायची. त्याने दोन ओळी केल्या, वरच्या ओळीत गरगरत्या तबकातल्या सहा आणि खालच्या ओळीत स्थिर तबकातल्या सहा. आता दोन्ही ओळी आपापल्या तबकात घातल्या की सुटलो, असं म्हणून त्याने हात पुसले, तोच पलीकडून कमांडरची हाक आली.

कमांडर हा पूर्वीचा पाणबुडीवाला. आग लागली तरी चहा मागितल्यासारखा बोलायचा. "जावई, ते राहू द्या जरा. इकडे गोळा सुटलाय."

गोळा कसला ते विचारायची गरज नव्हती. पंपातून निसटलेला, संत्र्याएवढा पिवळा गोळा डुलत डुलत जेवणाच्या टेबलाकडे निघाला होता. जावई टॉवेल घेऊन धावला, म्हणजे भिंतीला लाथ मारून सुटला. गोळा पकडला, त्याची चार पिल्लं झाली, तीही पकडली. पाना तिथेच, पंपाच्याच मागे चिकटलेला निघाला. दहा मिनिटं गेली. डब्या कपाटाबाहेर चाळीस मिनिटांच्या वर राहता कामा नयेत ही एकसष्टावी सूचना त्याच्या डोक्यात टिकटिकत होती. तो जवळच्या दुसऱ्या दारातून डोकं पुढे काढून प्रयोगशाळेत शिरला, पायाने दांडी पकडली आणि दोन्ही ओळी झरझर तबकांत घातल्या. वरची ओळ गरगरत्यात, खालची स्थिर तबकात.

"आता स्कॅन," निरोप्या म्हणाला.

स्कॅनरच्या पडद्यावर लिहून आलं होतं: अपडेट होत आहे, चौदा टक्के.

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे डबडं आत्ताच अपडेट व्हायचं होतं का?"

"वैज्ञानिक कक्षाला विचारतो." थोडी खरखर. "त्यांचं म्हणणं, कपाट बंद करा. स्कॅन उद्या सकाळी चालेल. फोटो तेवढा काढा."

त्याने फोटो काढला, कपाट बंद केलं आणि बरोबर साडेतीन वाजता टॅबवर खूण केली. मग दोन तास पट्ट्यांना बांधून घेऊन धावला. मनातल्या मनात तो स्कॅनरला, पंपाला, निरोप्याला आणि थोडंसं सासूबाईंनाही शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याने कपाट उघडलं. पहिल्या डबीवर स्कॅनर धरला. स्कॅनर दोनदा ओरडला: जागा चुकली. हा पुन्हा बिघडला, असं म्हणून त्याने दुसरी घेतली. जागा चुकली. तिसरी. चौथी. सहाही डब्या झाल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्याने डोळे मिटून आदला दिवस पुन्हा जगून पाहिला. डब्या लावताना तो या दाराकडून आला होता. गोळा पकडून परत आला तो त्या दारातून, डोकं पुढे, आणि पाय टेकले ते छताच्या दांडीवर. वजन नसलेल्या माणसाला आपण उलटे आहोत हे कळत नाही. पाय जिकडे असतील तीच जमीन, असं मेंदू ठरवून टाकतो आणि वर हुज्जत घालतो. प्रशिक्षणात हे त्यांना शंभर वेळा बजावलं होतं. जावई उलटा उभा होता आणि त्याच्या दृष्टीने वरची ओळ ही मुळात खालची होती. भारातल्या सहा डब्या रात्रभर बिनभाराच्या राहिल्या होत्या आणि बिनभाराच्या सहा रात्रभर गरगरल्या होत्या.

त्याने आधी ओळी बदलून आपापल्या जागी घातल्या. तेवढं करायला दीड मिनिट लागलं. पुन्हा स्कॅन केलं. बाराही बरोबर. पडद्यावर एकच बटण उरलं: पाठवा.

आधीची चुकलेली नोंद अजून टॅबमध्येच होती. ती पुसून हे बटण दाबलं की संपलं. नोंदीपुरतं आदल्या दिवशी सगळं ठीक होतं, आजही ठीक आहे. कुणाला कळणार? डब्यांना तोंड नाही. बारा वर्षं, समुद्रात गेलेलं रॉकेट, काढलेला प्लग, आणि आता सासूबाईंच्या घरात ज्याचा विषय निघत नाही असा दुसरा माणूस म्हणजे खुद्द त्यांचा जावई. बोट बटणावर होतं. ते त्याने दाबावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं, हे इथे सांगितलंच पाहिजे.

पण विमानात एक शिस्त असते. उतरल्यावर आपली चूक आपण आधी सांगायची, कारण नाही सांगितली तर त्याच विमानातून पुढे जाणारा दुसरा कुणीतरी मरतो. इथे मरणार कुणी नव्हतं. सासूबाई फक्त खोटे आकडे खरे समजून लिहिणार होत्या. वीस वर्षांची सवय त्याच्या आडवी आली. या सवयीचाही त्याला रागच आला.

"स्टेशनकडून वैज्ञानिक कक्षाला," तो माइकवर म्हणाला. "एक चूक सांगायची आहे. माझी आहे."

त्याने सगळं सांगितलं. उलटं शिरणंही सांगितलं, गाळलं काहीच नाही. त्या लाइनवर नियंत्रण कक्षातले तीस-चाळीस लोक असतात. सगळे ऐकत होते. मग वैज्ञानिक कक्षातून थेट सासूबाईंचाच आवाज आला, कोरडा ठणठणीत.

"किती वेळ?"

"साडेतीन ते दहा वाजून दहा. अठरा तास चाळीस मिनिटं."

"बाराही?"

"बाराही."

"समजलं. धन्यवाद, स्टेशन."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. 

दुपारी निरोप्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीचा निर्णय घेऊन आला. दोन्ही गटांची सरमिसळ झाल्यामुळे प्रयोग बाद. परतीच्या फ्रीझरमधला कप्पा लेट्यूसच्या पानांच्या प्रयोगाला देण्यात येत आहे. डब्या परवा कचऱ्यात टाकाव्यात. टाकण्याची कृती सोबत पाठवली आहे, एकूण चौदा पायऱ्या.

"टाकायलाही चौदा?" जावई म्हणाला.

"नुसतं कळवलं," निरोप्या म्हणाला.

कमांडरने खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंत ते बरं केलंत." जावयाने मान हलवली, पण त्याला त्या क्षणी तो हात झटकून टाकावासा वाटला. काय बरं केलं? कुणाचं बरं झालं? सांगून सगळं मातीत गेलं, न सांगता सगळं सुरळीत चाललं असतं, आणि हा म्हणतो बरं केलंत. संध्याकाळी पट्ट्यांना बांधून घेऊन धावताना त्याला वाटलं, आपली हाडं शाबूत राहावीत म्हणून आपण घाम गाळतोय, आणि ज्या बाईने हाडांपायी बारा वर्षं घालवली तिची आपण वाट लावली.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने निरोप्याला गाठलं. "टाकण्याआधी त्या डब्या एकदा सूक्ष्मदर्शकाखाली सासूबाईंना दाखवायच्या आहेत. नुसत्या बघू देत. डब्या वर आल्यापासून त्यांनी त्या फोटोतच पाहिल्यात."

"वेळापत्रकात जागा नाही."

"पंधरा मिनिटं?"

"पाचही नाहीत." मग आवाज खाली आणून निरोप्या म्हणाला, "उद्या दुपारी तुमचा घरच्यांशी बोलायचा अर्धा तास आहे. तो तुमचा. त्यात काय करायचं ते आम्ही विचारत नाही. ती लाइन आम्ही ऐकतही नाही."

"मग तोच घ्या."

बायकोने फोनवर एवढंच म्हटलं, "मी आणते आईला. काल संध्याकाळपासून ती घरात एक अक्षर बोललेली नाही. सांभाळून बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर सासूबाई दिसल्या. संस्थेतली छोटी बैठकीची खोली, पांढरा फळा, तीन रिकाम्या खुर्च्या. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा केसांत खोचलेला. बायकोला त्यांनी बाहेर पॅसेजमध्ये बसवलं होतं.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

त्याने टॅबचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर धरला. चित्र जरा पुसट होतं. करड्या जाळ्यावर पांढरे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. जावयाला सगळ्या डब्या सारख्याच दिसत होत्या, पण सासूबाई खुर्चीच्या टोकाला सरकून बघत होत्या.

"जरा डावीकडे. अजून. थांबा." त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. "ही पुढची. हं. किती छान धरलंय हो हिने."

अशा पाच डब्या झाल्या आणि सहाव्या डबीला चित्र गोठलं. उपग्रहाची जोडणी तुटली. ती अधूनमधून तुटतेच, पण आजच तुटायचं काही अडलं होतं का? जावई सहावी डबी तशीच धरून राहिला. चार मिनिटं गेली. आपल्या हातात एकही गोष्ट धड चालत नाही, असं त्याला इतक्या तीव्रतेने वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे अश्रू गालावरून ओघळत नाही, डोळ्यावरच साचून राहतो आणि चुरचुरतो. ते बाहीने टिपेपर्यंत चित्र परत आलं.

"आई, अजून सहा आहेत. पटपट दाखवतो."

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मला बोलायचंय. ही लाइन कुणी ऐकतं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. आई, मीच बोलतो आधी. माझी चूक होती, त्याबद्दल मी..."

"तुम्ही गप्प राहा जरा." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "परवा, तुम्ही खाद्य बदललंत त्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता तुमचा फोटो माझ्याकडे आला. मी बघितला आणि मला कळलं."

"काय कळलं?"

"ओळी उलट्या झाल्यात ते. भारातल्या पेशी जास्त पांढऱ्या होतात. थोड्याशाच. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. मी बारा वर्षं तेच बघतेय, मला दिसलं."

जावयाला आधी अर्थच लागेना. मग तो लागला. "पाच वाजता? म्हणजे तेव्हा जेमतेम दीड तास झाला होता. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी लगेच बदलल्या असत्या. दीड तासाने काय बिघडलं असतं?"

"माझ्या मते काही नाही. पण समितीला कळवावं लागलं असतं. लेट्यूसवाले कप्प्यावर टपूनच बसले होते. दीड तास काय आणि अठरा तास काय, त्यांना निमित्त हवं होतं. दोनदा तोंडातला घास गेलाय माझ्या. मी घाबरले, जावईबापू."

'घाबरले' हा शब्द पंधरा वर्षांत त्याने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मग मी काय विचार केला ते ऐका. मी म्हटलं, उद्या सकाळी स्कॅन आहे. या माणसाच्या लक्षात येईल. हा काही बोलणार नाही, गुपचूप बदलेल आणि मोकळा होईल. त्याला ठाऊक, मला ठाऊक, आणि दोघंही गप्प. मी अगदी खात्रीने तसं धरून चालले होते."

"मी लपवेन असं तुम्हाला वाटलं."

"हो."

"खात्रीने?"

"हो. त्याच खात्रीवर मी रात्रभर गप्प राहिले."

जावई संतापला. इतके दिवस पंपावर, रेघेवर, स्कॅनरवर वाया घालवलेला संताप किती फुटकळ होता ते त्याला आत्ता कळलं. या बाईने त्याला पंधरा वर्षं एक बल्ब लावू दिला नाही आणि विश्वास टाकला तो नेमका त्याच्या खोटेपणावर. "आणि मी तसंच केलं असतं तर? तुम्ही ते आकडे लिहिले असते? छापले असते?"

सासूबाईंनी पांढऱ्या फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परवापर्यंत मी 'नाही' म्हटलं असतं. आता मला माहीत नाही."

"माझंही बोट बटणावर होतं, आई," तो एकदम म्हणाला. सांगायचं नव्हतं, निघून गेलं.

"पण दाबलं नाहीत ना. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा मला तुमचा इतका राग आला, की माइकचं बटण मला दिसेना. 'धन्यवाद' कसंबसं म्हटलं. या माणसाने माझं सगळं घालवलं, असं वाटलं. आणि घालवलं मी होतं, संध्याकाळी पाच वाजता." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "समितीला मी काही सांगणार नाही. आता सांगून डब्या परत येत नाहीत, आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही. तुम्हाला सांगितलं ते माझ्याने राहवेना म्हणून. आता एक मागते. माझ्या पोरीला हे कळू देऊ नका. ती तिच्या विद्यार्थ्यांना माझी उदाहरणं देते."

जावयाला खूप काही बोलायचं होतं. चूक माझी हे साऱ्या जगाला माहीत झालं, माझं नाव त्या प्लगवाल्याशेजारी जाऊन बसलं, आणि तुमची चूक मी पोटात घालू? का म्हणून? पण पडद्यावरची बाई त्या तीन रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकदम म्हातारी दिसत होती, आणि ती त्याच्याकडून उत्तराची वाट बघत होती.

"नाही कळणार," तो म्हणाला.

त्या उठल्या. दार उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला आणि बायको धावत येऊन खुर्चीत बसली. चारच मिनिटं उरली होती.

"काय रे, काय म्हणाली? बाहेर आली तर डोळे लाल. काय बोललास तू तिला?"

"मी काही नाही बोललो. त्याच ओरडल्या."

"खूप?"

"खूप."

"ओरडणारच," बायको म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते आणि आवाजात रागही होता. "बारा वर्षं रे! तू सांगितलंस ते ठीकच, पण जरा बघून हात घालायला काय झालं होतं तुला? आईच्या हातून इतक्या वर्षांत एवढीशी चूक झालेली नाही कधी."

जावयाने मांडीला चिकटवलेल्या बारा डब्यांकडे पाहिलं. त्या टाकायला अजून चौदा पायऱ्या होत्या.

"खरंय," तो म्हणाला.